भयपट : इटालियन जाल्लो व मराठी चित्रपट

जाल्लो हा रहस्य, खून आणि भय यांची गुंफण असलेल्या इटालियन चित्रपटांचा एक प्रकार होय. ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘पिवळा’ असा असून मोंदादोरी ह्या प्रकाशनसंस्थेने १९२९ पासून पिवळ्या वेष्टनात काढलेल्या रहस्यकादंबऱ्यांच्या मालेवरून तो रूढ झाला. चित्रपटात ह्या प्रकाराचा पाया मार्यो बाव्हा (१९१४–८०) याने १९६३–६४ मध्ये घातला. परंतु त्याचा खरा बहर १९७०–८० ह्या दशकातील आहे. मराठीत ह्या चित्रपटांचे अनुकरण झाले असे म्हणण्यास आधार नाही. तथापि ‘डोळ्यांनी पाहिले, पण उमगले नाही’ हे जे त्यांचे मुख्य सूत्र, त्याच्या आधारे मराठी भयपटाचे बरेवाईटपण अधिक नेमकेपणाने पारखता येते.

दार्यो आर्जेंतो (१९४०–) याच्या लुच्चेल्लो दाल्ले प्यूमे दि क्रिस्ताल्लो (१९७०, म. शी. ‘स्फटिकपिसांचा पक्षी’) ह्या पहिल्याच चित्रपटात हे सूत्र स्पष्ट दिसते. रोममध्ये राहणारा एक अमेरिकन लेखक रात्री कलादालनातील एका स्त्रीवरचा हल्ला पाहतो आणि तिला वाचविण्यास धावताना काचेच्या दोन दारांमध्ये अडकतो. त्याला सर्व काही दिसते, मात्र काहीच करता येत नाही. अखेरीस कळते, की सुरी त्या स्त्रीच्याच हाती होती; त्याने दृश्य बरोबर पाहिले, अर्थ मात्र उलटा लावला. प्रोफोन्दो रोस्सो (१९७५, म. शी. ‘गडद लाल’) मध्ये दिग्दर्शकाने हा डाव थेट प्रेक्षकावर उलटविला आहे. चित्रांनी भरलेल्या बोळातून नायक घाईने जातो. पुढे त्यातील एक चित्र नाहीसे झाल्याचा त्याला भास होतो. वस्तुतः ते चित्र नव्हतेच. तो आरसा होता आणि त्यात खुनी व्यक्तीचा चेहरा दिसत होता. हा चेहरा कॅमेऱ्याने पहिल्याच वेळी प्रेक्षकांनाही दाखविलेला असतो. चित्रपट दुसऱ्यांदा पाहणाऱ्यास तो सापडतो व आपली नजर किती बेसावध होती, हे जाणवून जो शहारा येतो, तो रक्तपाताच्या कोणत्याही दृश्याने येत नाही.

ह्या चित्रपटांच्या कथा बहुधा कच्च्या असतात. योगायोगांची रेलचेल, मानसशास्त्राचे ढोबळ दाखले आणि चित्रीकरणानंतर ध्वनिमुद्रित केल्यामुळे ओठांशी न जुळणारे संवाद हे दोष उघड आहेत. स्त्रीदेहावरील हिंसा सुंदर करून दाखविण्याचा सोस हा तर कलादृष्ट्याही क्षम्य ठरत नाही. त्यांचे सामर्थ्य रंग, ध्वनी आणि स्थळ यांच्या योजनेत आहे. एन्न्यो मोर्रिकोने (१९२८–२०२०) याच्या संगीतातील अंगाईसारखे कोवळे स्वर खुनाच्या दृश्याशी विरोध साधतात. सुस्पीरिया (१९७७) मधील लाल-निळा प्रकाश तर कोणत्याही दिव्यातून येत नाही. भीतीलाच रंग असावा, असा तो भासतो.

शहरी जाल्लोपेक्षा कमी गाजलेली, पण मराठी प्रेक्षकास अधिक जवळची वाटेल अशी एक ग्रामीण शाखाही ह्याच दशकात निर्माण झाली. लूचो फूल्ची (१९२७–९६) याच्या नोन सी सेव्हीत्सिया उन पापेरीनो (१९७२, म. शी. ‘बदकाच्या पिलाला छळू नका’) ह्या चित्रपटात दक्षिण इटलीतील एका खेड्यात मुलांचे खून होऊ लागतात. गाव चेटकीण मानलेल्या स्त्रीवर संशय घेते आणि काही माणसे तिला स्मशानात साखळ्यांनी मारतात. रक्तबंबाळ अवस्थेत ती सरपटत नव्या महामार्गापर्यंत पोहोचते. मोटारी न थांबता निघून जातात. खुनी चेटकीण नसून गावाचा विश्वास लाभलेला तरुण पाद्री आहे. पूपी आव्हाती (१९३८–) याच्या ला काझा दाल्ले फिनेस्त्रे के रीदोनो (१९७६, म. शी. ‘हसणाऱ्या खिडक्यांचे घर’) मध्ये पो नदीच्या सपाट प्रदेशातील गाव एका भित्तिचित्रामागील गुन्हा जाणूनबुजून लपविते. येथे साक्षीदाराची नजर चुकत नाही. संपूर्ण गावच पाहण्याचे नाकारते.

मराठीत पहिल्या प्रकाराशी नाते सांगणारा चित्रपट म्हणजे राजा परांजपे (१९१०–७९) यांचा पाठलाग (१९६४). जयंत देवकुळे यांच्या आशा परत येते ह्या कादंबरीवर तो आधारलेला असून मेरा साया (१९६६) हे त्याचे हिंदी रूप होय. पत्नीचा मृत्यू समक्ष पाहिलेल्या वकिलासमोर तिच्याच चेहऱ्याची आरोपी उभी राहते. डोळ्यांची साक्ष खरी की न्यायालयातील, हा पेच त्यात उत्तम रंगला आहे. वसंत जोगळेकरांच्या हा खेळ सावल्यांचा (१९७६) मध्येही भुताचे भय अखेर मानवी व्यवहारातच विरघळते. मात्र गाण्यांच्या लोकप्रियतेने त्याचे भयपटपण झाकले गेले. एरवी भयाचे मराठी दालन चित्रपटापेक्षा कथावाङ्‌मयातच समृद्ध झाले. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या तोलाचे काम पडद्यावर दीर्घकाळ झाले नाही.

ग्रामीण शाखेशी तुलना करण्याजोगी मराठी कृती म्हणजे विशाल फुरिया दिग्दर्शित लपाछपी (२०१७). कर्ज देणाऱ्यांच्या धाकाने परागंदा झालेले जोडपे उसाने वेढलेल्या एका एकाकी घरात आश्रय घेते. पत्नी (पूजा सावंत) गरोदर आहे. घरची मालकीण तुळसाबाई (उषा नाईक) तिची मायेने काळजी घेते. उसात मुले लपाछपी खेळताना दिसतात. भुते आहेत, पण ज्याची भीती बाळगावी, ते भूत नव्हे. मुलीचा जन्म नाकारणारे घर आणि त्यामागची पिढ्यान्‌पिढ्यांची मूक संमती हेच भयाचे मूळ ठरते. आर्जेंतोच्या आरशातील चेहऱ्याप्रमाणे तुळसाबाईची माया सुरुवातीपासून प्रेक्षकांसमोर असते. तिचा अर्थ मागाहून उलगडतो. उषा नाईक यांनी ही भूमिका आवाज न चढविता केली आहे. आग्रहाने वाढणाऱ्या, पोटावर नजर ठेवणाऱ्या वडीलधाऱ्या बाईचे घरोघरी परिचित असलेले रूप त्या जराही बदलत नाहीत. म्हणूनच ते भयंकर वाटते.

ह्या चित्रपटाचे गाव कोणत्याही एका जिल्ह्याचे म्हणून पाहण्याचे कारण नाही. तरीही बीड जिल्ह्यातील प्रेक्षकास त्यात जे दिसेल, ते इतरांहून वेगळे असेल. २०११ च्या जनगणनेत ह्या जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या. २००१ मध्ये हा आकडा ८९४ होता. गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणारा कायदा १९९४ पासूनच अस्तित्वात होता. न जन्मलेल्या मुली मोजणीतूनच दिसतात, एरवी नाही. ‘लपाछपी’ ह्या शीर्षकाला येथे एक जिव्हारी लागणारा अर्थ येतो. उसाचा फडही ह्या भागातील माणसाला निसर्गशोभा म्हणून परिचित नाही. येथील हजारो कुटुंबे उचल घेऊन, नवरा-बायकोचा ‘कोयता’ म्हणून, हंगामाचे महिने पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडणी करतात. पुरुषभर उंचीच्या पिकात पाच पावलांवरचे माणूस दिसेनासे होते, ही त्यांच्या अनुभवातील गोष्ट आहे. दिग्दर्शकाने उसाच्या सऱ्यांचा चक्रव्यूह उभा करताना हीच वस्तुस्थिती वापरली आहे. हवेल्या, धुके आणि करकरणारी दारे यांवर विसंबून राहिलेल्या, रॅमसे बंधूंच्या दो गज ज़मीन के नीचे (१९७२) नंतरच्या हिंदी भयपटांना अशा ओळखीच्या जागेतील भय क्वचितच साधले.

लपाछपी निर्दोष मात्र नाही. दचकविण्यासाठी अचानक वाढविलेला ध्वनी वारंवार वापरल्याने बोथट होतो. उत्तरार्धात तर जे प्रेक्षकाने पाहून ओळखावयाचे, ते पात्रे बोलून सांगतात. हेतू चांगला असला, तरी भयपटात उपदेश सुरू झाला की भय संपते. फूल्चीने महामार्गावरील प्रसंगात एक शब्दही उच्चारू दिलेला नाही. छोरी (२०२१) ह्या नावाने फुरिया यांनीच केलेल्या हिंदी रूपांतरात हे बोलकेपण अधिकच वाढले असून मूळ चित्रपटातील मराठी घराचा, तेथील स्वयंपाकघराचा आणि बोलीचा दाब त्यात उरलेला नाही.