मगन संग्रहालय : बाजारव्यवस्थेची एक समीक्षा

वर्धा शहरातील मगनवाडी येथील मगन संग्रहालयाकडे बहुधा गांधीजींचे स्मृतिस्थळ म्हणून पाहिले जाते. जिल्ह्याच्या व्यापारी इतिहासातील त्याचे स्थान मात्र दुर्लक्षित राहते. प्रस्तुत लेखात या वास्तूचे मूल्यमापन त्या दृष्टीने केले आहे.

पार्श्वभूमी : १८६२ मध्ये वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला आणि १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे मुख्य ठाणे आले. रेल्वेमुळे येथील, विशेषतः हिंगणघाटच्या, कापसाला दूरची बाजारपेठ मिळाली. हिंगणघाट व पुलगाव येथे कापडगिरण्याही निघाल्या. कापूस खेड्यात पिकत असे. परंतु त्यापुढील पिंजणे, कातणे व विणणे ही कामे खेड्याबाहेर गेली आणि त्यांबरोबर मजुरीही गेली.

स्थापना : डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत त्याचे कार्यालय आले, जे. सी. कुमारप्पा संघाचे चिटणीस होते. याच परिसरात ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. १९२८ मध्ये निधन पावलेले खादीकार्यकर्ते मगनलाल गांधी यांचे नाव त्यास देण्यात आले.

मूल्यमापन : बाजारपेठेची इमारत ग्राहकास माल व भाव दाखविते. ही वास्तू माल कोणत्या अवजाराने व कोणाच्या श्रमातून तयार होतो, हे दाखविते. या भेदाचे महत्त्व १९३५ च्या निर्णयावरून स्पष्ट होते. सूत कातणाऱ्यांना आठ तासांच्या कामाबद्दल आठ आणे मिळावेत, असा गांधीजींचा आग्रह होता. चरखा संघाने निर्वाहवेतनाचे तत्त्व स्वीकारले. तथापि प्रत्यक्ष मजुरी आठ आण्यांपर्यंत पोहोचू शकली नाही. मजुरी वाढली की खादी महागणार, हे उघड होते. तो वाढीव भाव न्याय्य का, हे ग्राहकास पटविण्याचे साधन म्हणजे असे संग्रहालय होय.

येथेच या प्रयोगाची मर्यादाही आढळते. त्याचे यश ग्राहकाच्या विवेकावर अवलंबून होते. कापसाचा भाव ठरविणारी यंत्रणा त्याच्या कक्षेबाहेरच राहिली. शेतकऱ्याच्या गाठोड्यातील कापसाचे मोल या दालनात ठरत नव्हते.

निष्कर्ष : या वास्तूस केवळ स्मारक मानल्यास तिने उपस्थित केलेला प्रश्न झाकला जातो. वस्तूच्या किमतीत श्रमिकाचा वाटा किती असावा, हा तो प्रश्न होय. कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यात तो अद्यापही अनुत्तरित आहे.