कौशल्यशिक्षणातील चित्रफीत : उपयोग आणि मर्यादा

रुग्णतपासणीचे कौशल्य परंपरेने रुग्णशय्येजवळ शिकविले जाते. एका खाटेभोवती पंधरा-वीस विद्यार्थी उभे राहिले, की मागच्यांना शिक्षकाची पाठच दिसते. चित्रफितीने ही उणीव दूर केली. हाताची ठेवण जवळून दिसते, कृतीचा क्रम सर्वांना सारखाच कळतो व तो पुनःपुन्हा पाहता येतो. २०२० मध्ये महासाथीमुळे वर्ग बंद पडले, तेव्हा या साधनाचे महत्त्व अधिकच वाढले. तथापि सोय म्हणजेच शिक्षण, असा समज रूढ होणे घातक आहे.

तत्कालीन भारतीय वैद्यकीय परिषदेच्या, २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमात प्रात्यक्षिक, निरीक्षण, साहाय्य आणि प्रत्यक्ष कृती अशी अध्यापनपद्धती सांगितली आहे. यांपैकी पहिली दोन अंगे चित्रफीत समर्थपणे सांभाळते. उरलेली दोन तिच्या आवाक्याबाहेरची आहेत. प्लीहा तपासताना हात ओटीपोटाच्या उजव्या भागाकडून डाव्या बरगड्यांकडे सरकवावयाचा, हे पडद्यावर कळते. रुग्णाने श्वास आत घेताच बोटांना जाणवणारी वाढलेल्या प्लीहेची कड मात्र पडद्यावर उमटत नाही.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या संदर्भात भाषेचा प्रश्नही उपस्थित होतो. लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तेथे येणारा खेड्यातील रुग्ण ‘धाप लागते’, ‘पोटात गोळा उठतो’ अशा शब्दांत दुखणे मांडतो. इंग्रजी चित्रफितीतील, सूचना मिळताच बिनचूक प्रतिसाद देणारा रुग्ण विद्यार्थ्याची अशा संवादासाठी तयारी करून घेत नाही.

याच जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण येथे उद्‌बोधक ठरते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये सुरू केलेल्या प्रकल्पात अल्पशिक्षित, प्रसंगी निरक्षर स्त्रिया ग्राम आरोग्यसेविका झाल्या. शिकावे, गावात करावे आणि पुन्हा एकत्र येऊन अनुभव तपासावा, या क्रमातून त्यांचे कौशल्य घडले.

सारांश, चित्रफीत तासिकेपूर्वी पाहावयास द्यावी, शक्यतो ती स्थानिक मराठी संवादासह तयार करावी आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्याचा हात प्रत्यक्ष सुधारण्यासाठी खर्च करावा. मूल्यमापनही त्याने करून दाखविलेल्या कृतीचेच व्हावे. तसे न होता चित्रफीत शिक्षकाच्या जागी आली, तर तिने वाचविलेल्या श्रमांची किंमत पुढे रुग्णाला मोजावी लागेल.