भिंत कुणाची, दालन कुणाचे?

मुंबईच्या जहांगीर कलादालनाच्या पहिल्या मजल्यावर केकू आणि खोर्शेद गांधी यांनी १९६३ साली ‘गॅलरी केमोल्ड’ सुरू केली. २००७ मध्ये ती प्रिस्कॉट रोडवर गेली. आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासातील तिचे स्थान वादातीत आहे. परंतु जिव्या सोमा मशे या वारली चित्रकाराचे १९७५ साली तेथे झालेले प्रदर्शन आपल्या दृष्टीने पुन्हा तपासले पाहिजे.

लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर काढीत. काढणारीचे नाव कुठे लिहिले जात नसे. डहाणू भागातल्या मशे यांनी लग्नावाचून, रोज चित्रे काढली. पुरुष असून काढली. म्हणजे परंपरा त्यांनी जपली तशी मोडलीही. दालनाने त्यांना नावानिशी भिंत दिली, हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

पण शहरी रसिकाने पाहिले काय? त्रिकोण, लय, तारप्याचा नाच. ज्या लग्नाचा हा चौक, त्याच लग्नाच्या कर्जापायी वारली नवरा-बायको जमीनदाराचे ‘लग्नगडी’ होऊन राबत. या वेठीविरुद्ध १९४५ साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी उठाव केला होता. त्यानंतर तीस वर्षांनी शहराने चौक पाहिला. लग्नगडी पाहिला नाही.

दलित साहित्य आले तेव्हा प्रस्थापित समीक्षा म्हणाली, ‘अनुभव आहे, पण कला कुठे आहे?’ वारली चित्रापुढे तीच अभिरुची म्हणते, ‘काय कला आहे!’ आणि अनुभवाचे विचारीतच नाही. दोन्हीकडे माणूस अर्धाच स्वीकारला जातो. हुसेन यांचे चित्र ‘हुसेन’ असते, मशे यांचे ‘वारली’. एकाला व्यक्तित्व, दुसऱ्याला जमात!

मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज वारली आकृत्या कुर्त्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास छापल्या जातात. मोठ्या कष्टाने मिळालेले नाव तेथून पुन्हा पुसले गेले आहे.

म्हणून प्रवेश मिळाला का, एवढाच प्रश्न नाही. तो कोणत्या अटीवर मिळाला, हा खरा प्रश्न आहे. चित्राखाली किंमत लिहिता येते, तशी त्यामागची जमीन आणि कर्जही लिहिता आले पाहिजे. हे काम आपल्या समीक्षकांनी दालनवाल्यांवर सोडून चालणार नाही.