सिनेमाने कधी गप्प बसावं

सप्टेंबर २०२५मध्ये एका आठवड्याच्या अंतराने दोन मराठी चित्रपट लागले. आधी सुबोध खानोलकरांचा ‘दशावतार’, मग रोहन कानवडेंचा ‘साबर बोंडं’. दोन्ही पाहिल्यावर बरेच दिवस मनात घोळत असलेलं एक मत पक्कं झालं. आपल्या सिनेमाने गावोगावची बोली आता मनापासून आपलीशी केली आहे, पण शांततेवर भरवसा टाकायला तो अजून कचरतो.

‘दशावतार’चा पूर्वार्ध मला फार आवडला. ऐंशी ओलांडलेल्या दिलीप प्रभावळकरांनी नजर अधू होत चाललेला दशावतारी बाबुली मेस्त्री उभा केला आहे. डोळे साथ देत नाहीत, मुलगा ‘आता पुरे’ म्हणतो, आणि याचा जीव मात्र रंगमंचावरून निघत नाही. बापलेकांचं मालवणी बोलणं ऐकत राहावं असं. पुढे खाणीचा प्रश्न येतो, त्यामागून सूड येतो आणि पार्श्वसंगीत सगळा ताबा घेतं. खाणीबद्दलचा संताप खरा आहे, तो मलाही वाटतो. पण प्रभावळकरांच्या चेहऱ्यावर आधीच उमटलेली गोष्ट वाद्यमेळाने पुन्हा कशाला सांगायची?

‘साबर बोंडं’त पार्श्वसंगीत नाहीच. मुंबईत कॉल सेंटरमध्ये काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. काय खायचं, पायांत काय घालायचं नाही, कुठे बसायचं, हे नातेवाईक ठरवतात, आणि मध्येच लग्नाचा विषय काढतात. आईला मुलाचं मन ठाऊक आहे आणि ती त्याला सांभाळून घेते. बालपणीचा मित्र बाळ्या पुन्हा भेटतो आणि दोघांमधली ओढ हळूहळू उलगडते. दोन पुरुषांच्या प्रेमाची ही गोष्ट कुठेही आवाज चढवत नाही. सनडान्स महोत्सवात २०२५मध्ये जागतिक कथाचित्रपट विभागाचं सर्वोच्च ज्युरी पारितोषिक तिला मिळालं. माझ्या मनात मात्र राहिली ती जयश्री जगताप यांनी साकारलेली आई. मुलाची बाजू घेण्यासाठी तिला एकही भाषण करावं लागत नाही.

“असलं फेस्टिवलमध्ये चालतं, आपल्या प्रेक्षकाला सगळं सांगावं लागतं,” असं निर्माते सर्रास म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही, आणि ‘सैराट’ (२०१६) हा त्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. अजय-अतुल यांनी त्याच्या संगीतासाठी थेट लॉस एंजेलिस गाठलं आणि तिथल्या सिंफनी वाद्यवृंदासह ध्वनिमुद्रण केलं. एवढा नाद हाताशी असूनही नागराज मंजुळे यांनी शेवट निःशब्द ठेवला. ते लहान मूल रक्ताची पावलं उमटवत बाहेर येतं तेव्हा पडद्यावर आवाज नाही. मराठी सिनेमाला मिळालेल्या सर्वांत मोठ्या प्रेक्षकवर्गाने ती शांतता अंगावर घेतली, आणि कोणीही त्यांना काही समजावून सांगितलं नव्हतं.

चैतन्य ताम्हाणे तर सुरुवातीपासून याच भरवशावर उभे आहेत. ‘कोर्ट’मधले लोकशाहीर नारायण कांबळे साकारणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते. बचावाचा वकील झालेले विवेक गोंबर चित्रपटाचे निर्मातेही. सरकारी वकिलाच्या भूमिकेत गीतांजली कुलकर्णी कायद्याची कलमं एकसुरात वाचतात, आणि त्या एकसुरातच माणूस कसा चिरडला जातो ते कळतं. ‘द डिसायपल’साठी ताम्हाणे यांनी शास्त्रीय गायक आदित्य मोडक यांना नायक केलं. त्यातल्या ‘माई’चा केवळ ऐकू येणारा आवाज सुमित्रा भावे यांचा. मध्यरात्रीच्या मुंबईत मोटरसायकलवर तो आवाज ऐकत जाणारा शरद, हे दृश्य मी कितीही वेळा पाहू शकतो. भावे गेल्यानंतर तर ते आणखी आत जातं.

मोठ्या वाटेवरचं सगळंच मला नापसंत आहे असं नव्हे. ‘बाईपण भारी देवा’ (२०२३) पाहायला बायका गटागटाने गेल्या, त्यात मला खरा आनंद वाटला, पटकथा सैल असली तरी. रात्रशाळेत दहावी करणाऱ्या पालिका कामगारांच्या ‘आता थांबायचं नाय!’मध्ये भरत जाधव यांनी दाखवलेला संयम त्यांच्या विनोदी भूमिकांइतकाच मोलाचा आहे.

पण गेल्या काही वर्षांतला माझा सर्वांत आवडता चित्रपट जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’. विदर्भातलं कापूस पिकवणारं घर, शिकणारी सविता, आणि बघायला येणाऱ्या पुरुषांचे तेच ते प्रश्न: नाव, उंची, शिक्षण, छंद. बहुतेक कलाकार गावातलेच, कॅमेऱ्याची सवय नसलेले. एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडतो. पहिल्यांदा आपण हसतो, पुढे हसू येईनासं होतं, आणि नंतर त्या बैठकीत आपणही पाहुण्यांच्या बाजूला बसलो आहोत हे जाणवतं. हा परिणाम केवळ पुनरावृत्तीतून येतो. संवाद किंवा संगीत बोट दाखवत नाही.

‘स्थळ’ २०२३मध्ये टोरांटो महोत्सवात दाखवला गेला, तिथे त्याला पारितोषिकही मिळालं. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तो मार्च २०२५मध्ये आला. ज्या गावांमध्ये अशा बैठका आजही भरतात, तिथल्या मुलींना तो दीड वर्ष आधी बघता यायला हवा होता.