साधेपणा व श्रेय : दोन अंकक्रीडांवरील खेळाडूंचे अभिप्राय

२०१४ च्या फेब्रुवारीत अॅशर व्होल्मर व ग्रेग वोलवेंड यांचा ‘थ्रीज’ हा खेळ प्रसिद्ध झाला, आणि महिन्याभरातच गाब्रिएले चिरुल्ली या इटालियन तरुणाचा ‘२०४८’ हा खेळ जगभर पसरला. दोहोंचा पट सोळा घरांचा; दोहोंत अंकांच्या सोंगट्या सरकवून एकमेकींत मिळवावयाच्या. पहिल्यास चौदा महिने लागले, दुसरा शनिवार-रविवारच्या सवडीत सिद्ध झाला. खेळाडूंच्या अभिप्रायांत जी फूट पडली तिचे मूळ या तफावतीत आहे.

‘थ्रीज’चे पक्षपाती म्हणतात की, दुसरा खेळ सोपा, म्हणून हलका. ‘थ्रीज’मध्ये १ ची जोडी २ शीच जमते, आणि एका चालीत सोंगटी एकच घर सरकते; त्यामुळे प्रत्येक चाल तोलूनमापून करावी लागते. ‘२०४८’ मध्ये सोंगट्या थेट कडेपर्यंत घसरतात, आणि सर्वांत मोठी सोंगटी कोपऱ्यात दाबून धरली की बरेचसे काम भागते. खुद्द कर्त्यांनीही आपण पहिल्याच प्रयत्नात जिंकलो, असे सांगितले. यातील निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मात्र स्वीकारता येत नाही. दर चालीस बहुधा २ ची, दहांत एखाद्या वेळी ४ ची सोंगटी येते. तेव्हा २०४८ गाठावयास साधारणपणे नऊशेहून अधिक चाली लागतात, आणि इतका वेळ कोपरा राखणे आंधळ्या हाताचे काम नव्हे. येथे कस लागतो तो हिशेबापेक्षा सातत्याचा. जे अभिप्राय या दोन गुणांना एकाच काट्याने तोलतात ते दोन्ही खेळांवर अन्याय करतात.

श्रेयाचा प्रश्न याहून बिकट आहे. वास्तविक ‘२०४८’ निघाला तो ‘१०२४’ नामक खेळावरून, आणि ‘थ्रीज’शी असलेले साम्य चिरुल्लीने स्वतःच नमूद केले होते. तेवढ्याने भागले, असे त्याचे चाहते मानतात. परंतु ‘थ्रीज’ विकत घ्यावा लागे, ‘२०४८’ फुकट होता. नामोल्लेखाने ही तूट भरून येत नाही. उलटपक्षी, इतक्या थोड्या नियमांवर कोणाची मालकी चालावी, हेही तितक्या सहजपणे सांगता येत नाही.

डहाणू-तलासरीकडील वारली चौक येथे तुलनेस घेण्याजोगा आहे. वर्तुळ, त्रिकोण, चौकोन एवढ्या सामग्रीवर सवाष्णी लग्नघरच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मध्ये पालघट देवी. तोच चौक दुसऱ्या घरी लिहिला तर ती चोरी ठरत नाही, कारण पुनरावृत्ती हाच तेथील विधी आहे. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० नंतरच्या दशकात हे चित्र कागदावर आणले, तेव्हा चित्रास कर्त्याचे नाव आले आणि बाजारात नकलांचा प्रश्नही आला. वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली तीही २०१४ मध्येच; हा योगायोगच म्हणावयाचा. तेथे हक्क समाजाच्या नावे नोंदविता आला. ‘थ्रीज’च्या मागे असा समाज नव्हता, दोन-तीन कारागीर होते, आणि चिरुल्लीने तर आपली संहिता कोणासही वापरण्यास मोकळी ठेवली, म्हणून ‘२०४८’ च्याही असंख्य नकला निघाल्या. त्यांच्याविषयी मात्र पहिल्या खेळाचे कैवारी क्वचितच बोलतात.