चुकलेली बेरीज आणि लेटेक-एम-के

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयासाठी मी भौतिकशास्त्राची प्रश्नपत्रिका तयार केली. गुणांची बेरीज ४८ भरत होती, ती ५० करायची म्हणून शेवटच्या क्षणी एका प्रश्नाचे गुण ३ वरून ५ केले आणि प्रत छापायला पाठवली. परीक्षेच्या दिवशी मुलांच्या हाती पडलेल्या प्रश्नपत्रिकेवर ठळक अक्षरांत छापले होते, 'एकूण गुण : ४८'. बेरीज मी केलेली नव्हती. ती संगणकाने केली होती. पण चूक मात्र माझीच होती.

ही चूक कशी झाली, ते पाहू. गणिती मजकूर नेटका छापण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण 'लेटेक' वापरतात. १९७७ साली डोनाल्ड नूथ यांना आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी 'टेक' ही अक्षरजुळणीची पद्धत रचायला घेतली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात 'लेटेक'चा सुटसुटीत मजला चढवला. लेटेक मजकूर वरून खाली, एका दमात वाचते. पहिल्या पानावर एकूण गुण छापायचे तर आहेत, पण पुढचे प्रश्न तर अजून वाचलेलेच नाहीत! यावर तोडगा असा की, बेरीज शेवटी एका साहाय्यक फाईलमध्ये टिपून ठेवायची आणि पुढच्या खेपेला तिथून उचलायची. म्हणजे पहिल्या पानावर नेहमी मागच्या खेपेची बेरीज उमटते. मी गुण बदलल्यावर एकच खेप चालवली. 'पुन्हा चालवा' हा इशारा शेकडो ओळींच्या नोंदीत कुठेतरी होता. मी तो वाचला नाही.

अनुक्रमणिका, आकृत्यांचे क्रमांक, संदर्भसूची यांचेही असेच आहे. मग खेपा किती करायच्या? गणिताच्या शिक्षकांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. एक अंदाज घ्यायचा, तो सूत्रात घालायचा, आलेले उत्तर पुन्हा सूत्रात घालायचे आणि उत्तर बदलेनासे झाले की थांबायचे, अशी ही पुनरावृत्तीची रीत आहे. आणि तिच्याप्रमाणेच इथेही उत्तर कधी कधी स्थिरावतच नाही. समजा, पानाच्या तळाशी एका आकृतीचा उल्लेख आहे आणि आकृती पुढच्या पानावर आहे. संगणकाने 'पुढील पानावरील आकृती पाहा' असे लिहिले. त्या लांबीने ओळच पुढच्या पानावर ढकलली गेली. आता आकृती त्याच पानावर आली, म्हणून 'येथील आकृती' असा आखूड शब्दप्रयोग झाला. आखूड होताच ओळ पुन्हा मागे गेली. हा झोका कधीच थांबणार नाही.

खेपांचा हा हिशेब माणसाने ठेवू नये, यासाठी 'लेटेक-एम-के' हा प्रोग्रॅम आहे. आधीच्या एका प्रोग्रॅमवरून तो वाढवला आणि अनेक वर्षे सांभाळला तो पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील जॉन कॉलिन्स या भौतिकशास्त्रज्ञाने. याच्याही आधी, १९७६ साली, बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हा प्रोग्रॅम लिहिला होता. पण कोणती फाईल कोणत्या फाईलवर अवलंबून आहे, ही यादी 'मेक'ला आपण करून द्यावी लागते. लेटेक-एम-के ती यादी स्वतः बनवतो. लेटेकने चालताना कोणत्या फायली उघडल्या, याची नोंद तो पाहतो. साहाय्यक फाईलमधला मजकूर मागच्या खेपेपेक्षा बदलला असेल तरच पुन्हा खेप करतो, आणि झोका थांबत नसेल तर ठरलेल्या मर्यादेनंतर, मुळात ५ खेपांनंतर, हात टेकतो. हा या साधनाचा खरा गुण आहे. तो नियम पाठ करत नाही, निरीक्षण करतो.

पण जुळवणीची फाईल उघडली की कौतुकाला थोडा लगाम घालावा लागतो. पहिली तक्रार अशी की, काहीच सांगितले नाही तर हा प्रोग्रॅम आजही पीडीएफ न बनवता डीव्हीआय ही जुनी फाईल बनवतो. जुन्या सवयींचा मान राखण्यासाठी हे असेल, पण नव्या शिक्षकाला तो अडथळाच आहे. मराठी मजकुरासाठी आपल्याला बहुधा झीलेटेक किंवा लुआलेटेक लागते. ते सांगण्यासाठी 'पीडीएफ मोड'समोर अनुक्रमे ५ किंवा ४ हा आकडा लिहायचा. आकड्याऐवजी नाव का नाही? सहा महिन्यांनी ही ओळ वाचणाऱ्याला त्या ५ वरून काय कळणार?

दुसरी तक्रार पुसण्याच्या आज्ञेची आहे. लहान लिपीतला 'सी' दिला तर साहाय्यक फायली जातात, मोठ्या लिपीतला दिला तर त्यांच्याबरोबर तयार पीडीएफही जाते. एवढ्या मोठ्या फरकाला एका अक्षराचे कुंपण पुरेसे नाही. तसेच फाईलचे नाव दिले नाही, तर प्रोग्रॅम फोल्डरमधली प्रत्येक टेक फाईल स्वतंत्र दस्तऐवज समजून चालवू पाहतो. त्यात प्रकरणांचे सुटे तुकडेही आले.

तिसरी तक्रार गंभीर आहे. जुळवणीची फाईल म्हणजे साधी यादी नसून तो 'पर्ल' भाषेतला पूर्ण प्रोग्रॅम असतो. त्यामुळे हवे ते करता येते, हे खरे. पण लेटेक स्वतः बाहेरच्या आज्ञा मोजक्याच चालू देते. या फाईलला तसा पहारा नाही. कुणी पाठवलेल्या फोल्डरमध्ये ती असली आणि आपण तिथे लेटेक-एम-के चालवला, तर तिच्यात लिहिलेले सगळे घडते, फायली पुसणेसुद्धा. म्हणून परक्या फोल्डरमधली ही फाईल आधी वाचावी, किंवा जुळवणी न वाचण्याचा पर्याय देऊन प्रोग्रॅम चालवावा.

ब्राझीलच्या पावलो सेरेदा यांनी सुरू केलेला 'अरारा' हा प्रोग्रॅम वेगळी वाट धरतो. काय चालवायचे ते मूळ मजकुरातच टिपणीच्या रूपात लिहायचे. पद्धत उघड आहे आणि मजकुराबरोबर प्रवास करते; पण खेपा किती, ते पुन्हा आपणच ठरवायचे. माझी चूक तिथे सहज पुन्हा झाली असती. म्हणून दोष धरूनही माझा कौल लेटेक-एम-केलाच आहे.

शिक्षकांनी सुरुवातीला तीनच ओळी लिहाव्यात : कोणते लेटेक वापरायचे, मुख्य फाईल कोणती आणि साहाय्यक फायली कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायच्या. ही जुळवणी आपल्या घरच्या फोल्डरमध्ये न ठेवता प्रश्नपत्रिकेच्याच फोल्डरमध्ये ठेवावी. प्रोग्रॅम दोन्ही ठिकाणच्या जुळवण्या वाचतो, म्हणून घरची जुळवणी सहकाऱ्याकडे जात नाही आणि 'माझ्याकडे तर चालते' हा वाद सुरू होतो. प्रयोगवहीत उपकरणाची मांडणी आपण लिहून ठेवतो, तसेच हे आहे.

आणि एक गोष्ट हा प्रोग्रॅम कधीच करणार नाही. छापलेली बेरीज प्रश्नांच्या गुणांशी जुळते, एवढी हमी तो देतो. ती ५० असायला हवी होती की नाही, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून छपाईला देण्यापूर्वी मी आजही पेन्सिल घेऊन गुण एकदा मोजतो.