पाश्चात्त्य कलेचा क्रम आणि आमची मंदिरपथगामिनी

पाश्चात्त्य शिल्पकला व चित्रकला यांच्या इतिहासाविषयी आमच्या सुशिक्षित कुटुंबांत जी समजूत रूढ आहे, ती थोडक्यात अशी की, ग्रीकांनी सौंदर्याचा पाया घातला, मध्ययुगात अंधार पसरला, इटलीत पुन्हा उजाडले, आणि पुढे कलावंतांची बुद्धी फिरली. ही समजूत सोपी आहे, म्हणूनच ती टिकली आहे. तिच्या आधाराने आम्ही युरोपच्या कलेचा न्याय करतो. परंतु खेदाची गोष्ट ही की, त्याच मापाने आम्ही घरच्या कलावंतांसही मापतो. यास्तव तिची थोडी झडती घेणे अवश्य आहे.

युरोपात प्रत्येक युगापुढे नवा प्रश्न उभा राहिला आणि त्याचे उत्तर म्हणून नवे रूप जन्मास आले. इ. स. पूर्व सहाव्या शतकातील ग्रीक तरुणाची मूर्ती दोन्ही पायांवर सारखा भार देऊन ताठ उभी असते. पुढच्या शतकात पॉलिक्लायटसच्या भालाधारी पुरुषाने एका पायावर भार टाकला. त्याबरोबर कंबर कलली, खांदा उलट बाजूस झुकला, आणि निर्जीव द्रव्यात प्राण आल्याचा भास झाला. फ्रान्समधील शार्त्र येथील गॉथिक शिल्पकाराने संतांच्या आकृती लांबट कोरल्या, त्या अज्ञानाने नव्हेत. द्वाराच्या खांबांशी त्या एकजीव व्हाव्यात, हा त्याचा हेतू होता. १३०५च्या सुमारास जोत्तोने पादुआच्या भिंतींवरील माणसांस वजन व दुःख दिले. १४२७च्या सुमारास मासाच्चोने सपाट भिंतीत खोलीचा भास निर्माण केला. सतराव्या शतकात बर्निनीने पळत्या डॅफ्नीच्या बोटांस पालवी फुटताना संगमरवरात दाखविली. १८७७ साली रोदाँच्या 'ब्राँझयुग' या पुतळ्यावर, तो जिवंत माणसावरून साचा घेऊन केला असल्याचा आळ आला. सादृश्य इतके परिपूर्ण झाले की कला व साचा यांतील भेद पारख्यांसही कळेना! मग सादृश्य हेच कलेचे अंतिम ध्येय कसे राहावे? पुढे पिकासो प्रभृतींनी जी मोडतोड केली, तिचे एक मूळ येथे आहे. तिला बुद्धिभ्रंश म्हणणे अन्यायाचे होय.

आता मुंबईकडे वळू. युरोपने सुमारे चोवीसशे वर्षांत जी वाट चालली, ती आमच्या कलावंतांस नव्वद वर्षांत, आणि तीही उलटसुलट क्रमाने, चालावी लागली. नाहूर, भांडुप, मुलुंड येथून गाडी धरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरणाऱ्या वाचकास हा क्रमभंग थोडक्या अंतरात पाहता येतो. १८७८ ते १८८८ या काळात स्टीव्हन्स यांनी उभारलेल्या त्या वास्तूवरील पाने, पक्षी व प्राणी हे युरोपीय मध्ययुगाचे वंशज. आणि ते घडविण्यास येथील कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. तेथून थोड्या पावलांवर ती सर ज. जी. कलाशाळा. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून १८५७ साली ती सुरू झाली. तेथे विद्यार्थ्यांपुढे ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती ठेवण्यात आल्या. म्हणजे उत्तर हाती आले, परंतु ते ज्या प्रश्नाचे होते, तो प्रश्न मात्र समुद्रापलीकडेच राहिला.

अशा स्थितीत निव्वळ नक्कल निपजली असती तर नवल नव्हते. परंतु १८९६ साली गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत 'मंदिरपथगामिनी' घडविली, आणि सर जॉर्ज बर्डवुड यांच्यासारख्या पारख्याने तिची मुक्तकंठाने प्रशंसा केली. पूजेस निघालेली ही महाराष्ट्रीय तरुणी ग्रीक शिकवणीची लेक आहे, यात संशय नाही. देहाचा तोल, पावलाची गती, सर्व त्या शाळेचे आहे. परंतु नऊवारी लुगडे ग्रीक नव्हे. ग्रीकांचे वस्त्र खांद्यावरून सुटे खाली येते. नऊवारीचा कासोटा पायांभोवती फिरून मागे खोचला जातो, त्यामुळे चुण्यांची दिशा, ताण व सावली ही सारी निराळी. वस्त्राखालून देह कसा सांगावा, हा ग्रीकांचा प्रश्न म्हात्रे यांनी आपल्या घरच्या स्त्रियांच्या वेषात नव्याने सोडविला. या मूर्तीचे खरे मोल आमच्या मते येथे आहे. तिच्यात उणे नाही असे नाही. मुद्रेवरील सात्त्विकता काहीशी ठरीव आहे. वाट चालण्याचा शीण, मनातील चलबिचल, यांचा तेथे मागमूस नाही. ती एक विशिष्ट स्त्री न राहता 'आदर्श स्त्री' होऊ पाहते, आणि तेवढ्यापुरती प्लॅस्टरच्या देवतांकडे परत जाते.

विनायकराव करमरकर यांनी पुढचे पाऊल टाकले. पुण्यातील त्यांचा १९२८चा अश्वारूढ शिवछत्रपतींचा ब्राँझ पुतळा सर्वांस ठाऊक आहे, आणि तो दोनातेल्लोच्या पादुआतील अश्वारूढ वीराच्या परंपरेत सहज बसतो. परंतु अलिबागजवळील सासवणे गावी त्यांच्या संग्रहालयात सिमेंटची म्हैस पाहावी. तिला कोणत्याही प्रतिकृतीचा आधार नाही. तो जडपणा, ती स्वस्थता कोकणच्या अंगणातून आली आहे. १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे व शिल्पकार सदानंद बाकरे यांनी प्रागतिक कलावंतांचा संघ स्थापिला, तेव्हा युरोपचे शेवटचे प्रकरण आम्ही मधली पाने न वाचता उघडले, असा आक्षेप अनेकांनी घेतला. त्यात थोडे तथ्य आहे. परंतु बाकरे हे सर ज. जी. शाळेतच शिकलेले, सादृश्य ज्यांच्या हातात मुरले होते असे. ज्यास जे येते, त्यानेच ते सोडले, तर त्यास अडाणी कसे म्हणावे?

हा वाद पंडितांपुरता नाही. आज चौकाचौकांत पुतळे उभे राहतात, आणि लोक दोनच गोष्टी विचारतात: हुबेहूब आहे काय, व उंच किती? मुलांच्या चित्रासही घरोघरी तोच प्रश्न. ज्या समाजास कलेविषयी याहून अधिक विचारता येत नाही, त्यास तेवढीच कला मिळते. वास्तविक आमच्या दाराशी घारापुरीची त्रिमूर्ती आहे; ती डोंगर आत आत कोरून, काळोखातून बाहेर काढलेली. ग्रीकांच्या मूर्तीभोवती फिरता येते, हिच्यापुढे उभे राहावे लागते. दोहोंत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न व्यर्थ होय. दोहोंपुढील कोडी निराळी. पालकांनी सुटीच्या दिवशी मुलांस घारापुरीस न्यावे, सासवण्यास न्यावे, आणि प्रत्येक मूर्तीपुढे 'ही कोणासारखी दिसते' असे न विचारता 'हिच्या कर्त्यापुढे कोणते कोडे होते' असे विचारावे. उत्तर चुकले तरी हरकत नाही. पाहण्याची सवय लागेल, आणि पाहणारे वाढल्याखेरीज चांगले शिल्पकार वाढत नाहीत.